आडनांवाची लाज कां वाटावी?

कांहीं वर्षांपूर्वींची गोष्ट. आमच्या भागांतील एका शाळेच्या पारितोषिक-समारंभास आम्ही श्रोत्यांत बसलों होतों. प्रमुख पाहुणे बाहेरगांवचे. विद्वान आणि मनानें प्रेमळ. त्यांच्या हातीं दिलेली यादी मात्र इंग्रजी लिपींत होती. त्यांनीं एका मुलाचें नांव स्पष्ट उच्चारलें आणि पुढें आडनांव म्हणून "केट" असें वाचलें. सभागृह क्षणभर स्तब्ध झालें, आणि मग मागच्या बांकांवरून जो हंशा उसळला तो शिक्षकांनीं उभें राहून दटावीपर्यंत थांबला नाहीं. गणितांत पहिल्या आलेल्या त्या मुलानें मान खालीं घालून बक्षीस घेतलें आणि तो जवळजवळ धांवतच आपल्या जागीं परतला. त्याचें आडनांव काटे. इंग्रजी लिपींत तें ज्या चार अक्षरांनीं लिहितात त्याच चार अक्षरांनीं कॅथरीन या स्त्रीनामाचें लाडकें रूप लिहिलें जातें. पाहुण्यांचा अपराध एवढाच. परंतु त्या मुलाच्या मागें "केट" हें नांव वर्षभर लागलें, आणि एके दिवशीं त्यानें घरीं जाऊन विचारलें, "बाबा, आपलें आडनांव बदलतां येईल का?"

पिंपळे सौदागर गांवांत काटे हें कोठून तरी वाऱ्यावर आलेलें आडनांव नव्हे. पवनेच्या कांठच्या ज्या शेतांवर आज उंच इमारती उभ्या आहेत आणि जेथून सकाळीं हिंजवडीकडे मोटारींची रांग लागते, त्या शेतांच्या जुन्या घराण्यांचें तें आडनांव. काटे वस्ती हें नांव रोज कितीतरी लोक पत्ता सांगतांना उच्चारतात. ज्या आडनांवावरून वस्ती ओळखली जाते त्याच आडनांवाची त्या घराण्यांतील मुलास लाज वाटावी, आणि तीही परक्या लिपीच्या एका लकबीमुळें, ही गोष्ट आमच्या मनास लागून राहिली. मुलाच्या वडिलांनीं त्यास काय उत्तर दिलें तें आम्हांस ठाऊक आहे. परंतु तें शेवटीं सांगूं.

आमचा अनुभव असा आहे कीं, ही लाज एकट्या त्या मुलाची नाहीं. शहरांत नव्यानें स्थायिक झालेल्या कित्येक कुटुंबांत आपलें आडनांव गांवठी आहे, इंग्रजी शाळेंत तें शोभत नाहीं, अशी एक कुजबुज असते. तेथील मुलांस इंग्रजी आडनांवें मात्र भारदस्त वाटतात. स्मिथ, टेलर, वुड, पॉटर! ऐकतांच जणूं घोड्यावरचे सरदार डोळ्यांपुढें उभे राहतात. तेव्हां हे सरदार मूळचे कोण होते हें आमच्या विद्यार्थ्यांनीं एकदां पाहून घ्यावें. स्मिथ म्हणजे लोहार. टेलर म्हणजे शिंपी. वुड म्हणजे रानाजवळ राहणारा. आणि ज्याचीं पुस्तकें आमचे विद्यार्थी अभ्यासाच्या वहीखालीं दडवून वाचतात तो हॅरी पॉटर म्हणजे आपल्या भाषेंत हरि कुंभार!

हें सर्व कसें घडलें तें मोठें मौजेचें आहे. सन १०६६ मध्यें नॉर्मंडीच्या विल्यमनें इंग्लंड जिंकलें. त्यापूर्वीं तेथील सामान्य मनुष्यास बहुधा एकच नांव असे, आणि पिढीजात आडनांव ही वस्तु जवळजवळ नव्हतीच. नॉर्मन लोकांमागून विल्यम, रॉबर्ट, रिचर्ड, जॉन अशीं मोजकीं नांवें सर्वत्र पसरलीं, आणि पुढें अशी स्थिति आली कीं एकाच खेड्यांत अनेक जॉन आणि तितकेच विल्यम नांदूं लागले. आपल्याकडे एका वाडींत चार तुकाराम असले म्हणजे लोक काय करतात? एक ओढ्याकांठचा तुकाराम, एक भात्यावरचा तुकाराम, एक सखारामाचा तुकाराम आणि एक लंगडा तुकाराम. इंग्लंडांतील शेतकऱ्यांनीं हेंच केलें. गांवाचें नांव, बापाचें नांव, धंदा आणि टोपणनांव, या चार वाटांनींच त्यांचीं बहुतेक सारीं आडनांवें आलीं.

हीं नांवें कोणी समारंभपूर्वक धारण केलीं नाहींत. तीं शेजाऱ्यांनीं ठेवलीं आणि कारकुनांनीं कागदावर उतरविलीं. सन १३७७, १३७९ आणि १३८१ या वर्षीं इंग्लंडच्या सरकारनें डोईपट्टी बसविली, तेव्हां गांवोगांवच्या माणसांचीं नांवें याद्यांत टिपलीं गेलीं. कर द्यावयाचा तर कोणत्या जॉननें दिला हें कळलें पाहिजे! तिसऱ्या पट्टीनें रयत चिडली आणि सन १३८१ मध्यें बंड झालें. त्या बंडाच्या पुढाऱ्याचें नांव वॉट टायलर. टायलर म्हणजे कौलें घालणारा. राजापुढें उभें राहून रयतेच्या मागण्या मांडणारा हा मनुष्य इतिहासांत "कौलारू" या अर्थाच्या नांवानेंच अमर झाला आहे. पुढें सन १५३८ मध्यें आठव्या हेन्रीचा मंत्री टॉमस क्रॉमवेल यानें प्रत्येक पॅरिशमध्यें बाप्तिस्मा, लग्न व दफन यांची नोंदवही ठेवण्याचा हुकूम काढला. बापाचें आडनांव मुलास लावण्याची रीति तोंवर बहुतेक ठिकाणीं रूढ झालीच होती. वहीनें ती अधिक पक्की केली. लोहाराचा नातू भटारखान्यांत पाव भाजूं लागला तरी स्मिथच राहिला. आणि ज्या मंत्र्यानें सगळ्या राष्ट्राचीं नांवें वहींत बसविलीं त्याच्या स्वतःच्या आडनांवाचा अर्थ काय? क्रॉमवेल हें एका गांवाचें नांव. त्याचा अर्थ वाकडा ओढा.

आतां आपल्या आडनांवांशेजारीं तीं ठेवून पाहूं. चंद्रावर पहिलें पाऊल ठेवणारा नील आर्मस्ट्राँग सर्वांस ठाऊक आहे. सन १९६९ मध्यें जें नांव साऱ्या जगानें ऐकलें त्याचा अर्थ बळकट बाहूंचा, म्हणजे सरळसरळ भुजबळ. क्वेबेक येथें सन १७५९ मध्यें फ्रेंचांवर जय मिळवून रणांगणावरच मरण पावलेला इंग्रज सेनापति जेम्स वुल्फ. त्याच्या आडनांवाचा अर्थ लांडगा. भोसरीच्या एकाद्या लांडगे आडनांवाच्या मुलास कोणी चिडविलें तर त्यानें हें सांगावें. कोल्हे यांस फॉक्स भेटतील, काळे-गोरे यांस ब्लॅक आणि व्हाइट भेटतील. आणि काटे? इंग्लंडांत काटेरी झुडुपाजवळ ज्याचें घर होतें त्यास थॉर्न हें आडनांव मिळालें. तेव्हां शब्दार्थ पाहिला तर काटे यांचे इंग्लंडांतील भाऊबंद थॉर्न हे होत, केट नव्हे.

मराठी भाषेवर ज्यांचे उपकार आहेत अशा एका इंग्रजाचें आडनांव तर आमच्या गांवच्या मुलांनीं मुद्दाम समजून घेण्यासारखें आहे. जेम्स टॉमस मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश सन १८३१ मध्यें मुंबईस छापला गेला आणि सन १८५७ मध्यें त्याची दुसरी वाढविलेली आवृत्ति निघाली. आजही एकाद्या जुन्या मराठी शब्दाचा अर्थ अडला कीं जाणते लोक मोल्सवर्थ उघडतात. हें मोल्सवर्थ मूळचें इंग्लंडांतील एका लहान खेड्याचें नांव. जुन्या इंग्रजींत "वर्थ" म्हणजे कुंपण घातलेलें आवार, वस्ती. आणि पूर्वार्धांत मुल नांवाच्या कोणा माणसाचें नांव दडलेलें आहे. म्हणजे मुलची वस्ती. काटे वस्ती आणि मोल्सवर्थ यांची घडण एकच! मुंबईच्या गिरगांव चौपाटीवर ज्यांच्या नांवाचें महाविद्यालय आहे ते जॉन विल्सनसाहेब सन १८२९ मध्यें स्कॉटलंडहून मुंबईस आले. विल्सन म्हणजे विलचा मुलगा, आणि विल हें विल्यमचें घरगुती रूप. आपण तुकारामास तुक्या म्हणतों तसेंच. त्या थोर विद्वानांविषयीं पूर्ण आदर राखून आम्ही एवढेंच म्हणतों कीं, आपल्याकडे कोणाचें आडनांव "तुक्याचा पोर" असतें तर आपण किती हंसलों असतों!

व्यक्तीस जशीं आडनांवें तशीं तीं गांवासही असतात हें आमच्या इतकें कोणास ठाऊक असणार? पिंपळ जेथें तेथें उगवतो, म्हणून पिंपळ्यांची महाराष्ट्रांत वाण नाहीं. तेव्हां एक पिंपळे सौदागर, एक पिंपळे गुरव, एक पिंपळे निळख. आणि शिरूर तालुक्यांत पिंपळे जगताप. चार तुकारामांचीच ही गोष्ट. सौदागर हा शब्द फारसींतून आलेला, अर्थ व्यापारी; गुरव म्हणजे देवळाची पूजाअर्चा पाहणारा. इंग्लंडांत स्टोक नांवाचीं गांवें अशींच ढिगानें आहेत, म्हणून त्यांतील एक स्टोक मँडव्हिल झालें व एक स्टोक पोजेस. दोन्हींच्या पुढचा शब्द तेथें जमीन धारण करणाऱ्या नॉर्मन घराण्याचें नांव आहे. आपल्याकडील खुर्द आणि बुद्रुक हींही अशींच गांवांचीं आडनांवें. खुर्द म्हणजे लहान आणि बुद्रुक, मूळ फारसी बुजुर्ग, म्हणजे मोठें. इंग्रजी लिपीनें आमच्या गांवाचीही थट्टा केलीच आहे. त्या लिपींत पिंपळे असें लिहिलें कीं तो इंग्रजीतला पुटकुळी या अर्थाचा शब्द होतो, आणि परदेशांतील कचेरीशीं पत्रव्यवहार करणाऱ्या आमच्या तरुणांस आपला पत्ता सांगतांना पलीकडचें हंसूं ऐकूं येतें. त्यांनीं खुशाल सांगावें कीं आमचें गांव एका वृक्षाच्या नांवाचें आहे, तुमच्या ओकलेसारखेंच.

मराठी आडनांवांचा विस्तार एवढा आहे कीं त्यांचा कोश करावयाचा तर एक आयुष्य पुरणार नाहीं. गांवावरून पुणेकर, नगरकर, सातारकर. "कर" न लावतां चिंचवडे. वतनावरून व हुद्द्यावरून देशमुख, देशपांडे, कुलकर्णी, पाटील, पोतदार, चिटणीस, फडणीस. फारसी पत्रें लिहिणारा तो पारसनीस. हुद्द्यांच्या आडनांवांचा पुष्कळांस अभिमान असतो. त्यांनीं लक्षांत ठेवावें कीं स्कॉटलंडच्या आणि पुढें इंग्लंडच्या गादीवर बसलेल्या स्ट्युअर्ट घराण्याचें आडनांवही वाड्याचा कारभारी एवढ्याच अर्थाचें आहे. नोकरी गेली, राज्य आलें, राज्यही गेलें, आडनांव उरलें.

टोपणनांवांतून आलेलीं आडनांवें हीं खरीं जिव्हारीं लागणारीं. बोबडे, बहिरे, गाढवे. कोणा पूर्वजाच्या व्यंगावर किंवा एकाद्या दिवसाच्या फजितीवर गांव हंसलें आणि तें हंसूं दहा पिढ्यांस पुरलें. यांत त्या मुलाचा काय दोष? नोव्हेंबर २०१९ ते एप्रिल २०२१ या काळांत भारताचे सरन्यायाधीश शरद बोबडे हे होते. ज्यांच्या आडनांवाचा अर्थ अस्पष्ट बोलणारा, त्यांचा शब्द देशाच्या सर्वोच्च न्यायालयांत अखेरचा ठरत होता. आडनांव मनुष्याविषयीं कांहींही सांगत नाहीं याचा याहून चांगला दाखला आम्हांस देतां येणार नाहीं.

येथें एक सावधगिरीची सूचना. आडनांवाचा अर्थ लावण्याचा नाद लागला कीं मनुष्य गोष्टी रचूं लागतो. बडोद्याचे गायकवाड मूळचे आपल्याच खेड तालुक्यांतील दावडीकडचे. त्यांच्या आडनांवाविषयीं अशी आख्यायिका आहे कीं, त्यांच्या एका पूर्वजानें गाईंस कवाड उघडून आश्रय दिला, म्हणून गाय-कवाड. कथा गोड आहे आणि ती मुलांस अवश्य सांगावी. पण कथा म्हणून सांगावी. जेथें लेखी आधार आहे तेथें पहा, सत्य आख्यायिकेहून कमी रसाळ नसतें. महात्मा जोतीराव फुले यांच्या घराण्याचें मूळचें आडनांव गोऱ्हे, आणि मूळ गांव सातारा जिल्ह्यांतील कटगुण. पुढें पुण्यास त्यांच्या वडीलधाऱ्यांनीं पेशव्यांकडे फुलें पुरविण्याचा धंदा केला आणि गोऱ्ह्यांचे फुले झाले. इंग्लंडांत जें शेंकडों वर्षांपूर्वीं घडलें तें येथें कालपरवां, पुण्याच्या पेठांत घडलें. आणखी एक उदाहरण तर शाळेच्या वहींतलेंच आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचें घराणें सकपाळांचें, गांव रत्नागिरी जिल्ह्यांतील आंबडवे. गांवावरून आडनांव आंबडवेकर. सन १९०० मध्यें ते सातारच्या सरकारी शाळेंत दाखल झाले. तेथील आंबेडकर नांवाच्या एका शिक्षकांचा या विद्यार्थ्यावर लोभ होता, आणि त्यांनीं आपलेंच सुटसुटीत आडनांव त्याच्या नांवापुढें घातलें, असें चरित्रकार सांगतात. ज्या नांवानें आज कोट्यवधि लोक मान उंच करून चालतात तें नांव एका शिक्षकाच्या लेखणींतून आलें. शिक्षकबंधूंनीं हजेरीपटावर नांव लिहितांना हें ध्यानांत धरावें.

धर्म बदलला तरी आडनांवांचा हा स्वभाव बदलत नाहीं. वसई सन १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांच्या ताब्यांत होती. तेथील ख्रिस्ती घराण्यांत परेरा, डिसिल्वा हीं आडनांवें आलीं तीं त्या काळापासून. ऐकणारास तीं अगदीं परकीं वाटतात. पण पोर्तुगीज भाषेंत परेरा म्हणजे नाशपातीचें झाड, आणि सिल्वा म्हणजे रान. पिंपळे आणि परेरा यांच्यांत फरक तो झाडाचा! या आडनांवांखालीं मराठीपण किती घट्ट असतें तें सन २०२० च्या जानेवारींत उस्मानाबादेस, म्हणजे आतांच्या धाराशिवांत, सर्वांनीं पाहिलें. तेथें भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे होते. उलट नगरकडील ख्रिस्ती कुटुंबांनीं गायकवाड, शिंदे, साळवे हीं आपलीं आडनांवें तशींच ठेवलीं. कोंकणांतील बेने इस्रायल लोक शनिवारचा विश्राम पाळीत, पण आडनांवें घेतलीं तीं गांवांवरून: पेणकर, रोहेकर, किहीमवरून केहीमकर.

आतां जी गोष्ट बोलावयास अवघड, पण टाळणें बरें नव्हे, तिजकडे वळूं. आपल्या समाजांत "आडनांव काय?" हा प्रश्न पुष्कळदां आडनांवासाठीं विचारलेला नसतो. भाड्यानें घर देतांना, सोयरीक जमवितांना, इतकेंच काय, नव्या वर्गांत शेजारीं कोणी बसलें तरी, या प्रश्नामागें जात ताडण्याची खोड असते. आम्हांस ही खोड निंद्य वाटते. शिवाय ती मूर्खपणाचीही आहे. जाधव, पवार, मोरे, शिंदे, गायकवाड हीं आडनांवें एकाच जातींत नाहींत. तीं कित्येक जातींत आहेत आणि ख्रिस्ती घराण्यांतही आहेत. आडनांवावरून जात ओळखणारा मनुष्य अर्ध्या वेळां चुकतो, आणि बरोबर ठरतो तेव्हां अधिकच चुकतो. ज्यांनीं अशा प्रश्नांचे चटके सोसून कंटाळून सरकारी राजपत्रांत नोंद करून आपलें आडनांव बदललें, त्यांस आम्ही दोष देणार नाहीं. गोऱ्ह्यांचे फुले होतात तर कोणाचेंही कांहींही होऊं शकतें. नांव मनुष्यासाठीं आहे. आमचें भांडण आहे तें निव्वळ इंग्रजीच्या भीतीनें आपल्या नांवाचा आवाज मोडूं देणारांशीं. अपमानापासून सुटण्यासाठीं नांव बदलणें वेगळें, आणि पलीकडच्यास उच्चारतां येत नाहीं म्हणून आपणच आपलें नांव वांकडें उच्चारणें वेगळें.

आमच्या ओळखीचे एक दाते आहेत. ते दूरध्वनीवर स्वतःस "डेट" म्हणवितात. माने यांचे "मेन" होतात, मोरे यांचे "मोअर". साने हें नांव इंग्रजी लिपींत लिहिलें तर इंग्रजीतला "शहाणा" या अर्थाचा शब्द होतो. साने गुरुजींच्या बाबतींत लिपीनें चुकून खरें तेंच सांगितलें, इतकेंच. या साऱ्या गोंधळाचें मूळ एका अक्षरांत आहे. आपण इंग्रजी लिपींत शब्दाच्या शेवटीं जें "ई" अक्षर लिहितों त्याचा उच्चार आपल्या मनांत "ए" असतो. इंग्रज मनुष्याच्या मनांत तें अक्षर मुकें असतें, आणि मागच्या स्वराचा आवाज फिरवून गप्प बसतें.

परंतु हें अक्षर नेहमींच मुकें नव्हतें! चौदाव्या शतकांत, म्हणजे ती डोईपट्टी वसूल होत होती त्या काळांत, इंग्रज लोक शब्दाच्या शेवटचें हें अक्षर हलकेंच उच्चारीत, आणि मधला स्वर "आ" असाच म्हणत. आज ज्यास आपण "नेम" म्हणतों तो नांव या अर्थाचा शब्द तेव्हां "नामअ" असा कांहींसा ऐकूं येई. संस्कृतांतील नामन् आणि इंग्रजांचा हा शब्द एकाच मूळ धातूचीं लेंकरें आहेत, आणि त्या काळीं त्यांचे चेहरेही जुळत होते. म्हणजे वॉट टायलरच्या काळचा एकादा साक्षर इंग्रज त्या पारितोषिक-समारंभास पाहुणा म्हणून आला असता, तर त्यानें आमच्या मुलाचें आडनांव "काटअ" असें, खऱ्याच्या पुष्कळच जवळ, वाचलें असतें. बदलली ती इंग्रजी. आमच्या मुलाचें आडनांव जेथें होतें तेथेंच आहे.

इंग्रजी अक्षररचनेचा बाऊ करूं नये हें सांगण्यास स्वतः शेक्सपिअर पुरेसा आहे. त्याच्या हातच्या सहा सह्या आज उपलब्ध आहेत, आणि त्यांत त्यानें आपलें आडनांव नेहमीं एकाच तऱ्हेनें लिहिलेलें नाहीं. भाला परजणारा असा त्या आडनांवाचा अर्थ. अक्षरें कशीहि असोत, भाला तोच. म्हणून आमचें पालकांस सांगणें असें कीं, मुलाचें नांव शाळेंत घालतांना इंग्रजी अक्षरें थोडा विचार करून निवडा, कारण शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जें उमटतें तें पुढें पारपत्रापर्यंत पाठ सोडीत नाहीं. महाराष्ट्रांत ता. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बालकाच्या नांवापुढें आधीं आईचें, मग बापाचें आणि शेवटीं आडनांव लिहावयाचें आहे. नांवांची ही माळ आतां अधिक लांब झाली. म्हणजे चुकीस जागाही अधिक. शाळाचालकांस आमची विनंती याहून सोपी आहे. समारंभाची यादी देवनागरींत करावी. पाहुण्यांस मराठी येत नसेल तर वर्गशिक्षकांनीं जवळ उभें राहून नांव आधीं कानांत सांगावें. वर्षाच्या पहिल्या दिवशीं प्रत्येक मुलास स्वतःचें पूर्ण नांव उभें राहून मोठ्यानें म्हणावयास लावावें आणि तें जसें ऐकूं आलें तसें हजेरीपटावर मांडावें. तामिळनाडूकडील, केरळाकडील, बंगालकडील मुलें आज आमच्या वर्गांतून बसतात. त्यांच्या नांवांची मोडतोड करण्यांत आपण मराठी लोकही मागें नाहीं, हें कबूल केलें पाहिजे. ज्यास आपलें नांव नीट ऐकावयाचें आहे त्यानें शेजाऱ्याचें नीट उच्चारावयास शिकावें.

त्या मुलाच्या वडिलांचें उत्तर सांगावयाचें राहिलें. ते फारसे शिकलेले नव्हते. ते म्हणाले, "बाळा, आडनांव बदलतां येतं. पण मग आजोबांचं पण बदलावं लागेल, आणि ते आतां सही करायला येणार नाहींत." मुलानें पुन्हां तो विषय काढला नाहीं. पुढच्या वर्षीं गणितांत त्याचाच पहिला क्रमांक आला. या खेपेस यादी एका शिक्षिकेनें वाचली.

आमच्या विद्यार्थ्यांस एक काम सुचवितों. दिवाळीच्या सुट्टींत आपल्या घरांतील सर्वांत वृद्ध माणसाजवळ बसून, आपलें आडनांव कोठून आलें, पूर्वीं दुसरें कांहीं होतें काय, आपल्या मूळ गांवीं त्याच आडनांवाचीं घरें किती आहेत, हें विचारून घ्यावें आणि एका पानावर लिहून वर्गशिक्षकांजवळ द्यावें. आजोबांनीं सांगितलेली कथा असेल तर तिच्याखालीं "कथा" असें लिहावें. जुना कागद पाहिला असेल तर कागदाचें साल लिहावें. पुढील अंकांत त्यांतील निवडक पानें छापण्याचा आमचा विचार आहे. आडनांवें अर्थातच देवनागरींत छापूं.